लोकरीची टकळी आणि रोजचा अर्धा तास

गोमंतकात केरी या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. पेडणे तालुक्यातील केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेली आहे. सत्तरीतील केरी चोर्ला घाटाच्या पायथ्याशी आहे. एका गावी खारा वारा, तर दुसऱ्या गावी डोंगरउतारावरून खाली येणारे धुके. परंतु जून ते सप्टेंबर या काळात दोन्ही गावांपुढे प्रश्न एकच असे : दिवसभर पावसात शेतात वा गुरांमागे उभे राहावयाचे, तर अंगात ऊब कशी राखावी? पानांचे इरले पाठीवरचे पाणी अडवी, परंतु ऊब देत नसे. ऊब देई ते घाटावरून आलेले काळे कांबळे. त्याची खोळ करून डोक्यावरून घेतली की माणूस पावसातही कामाला मोकळा राही.

प्लॅस्टिकचे आच्छादन सर्वत्र मिळू लागल्यापासून कांबळ्याचे हे स्थान गेले आहे, आणि त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचे कारण नाही. प्लॅस्टिक हलके आहे, स्वस्त आहे आणि पाणी अडविण्यात सरस आहे. मात्र कांबळे ज्या सुताचे बनते ते सूत हाताने कसे निघते, आणि ते काढण्याचा छंद केरीसारख्या गावात कोणी रोज अर्धा तास जोपासू म्हटले तर त्यातून काय साधेल व काय साधणार नाही, हे जाणून घेण्यासारखे आहे.

लोकरीच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के इतका ओलावा हवेतून शोषून घेते, तरीही स्पर्शाला ओली लागत नाही. एवढेच नव्हे, तर ओलावा शोषून घेताना तिच्यात थोडी उष्णताही निर्माण होते. तंतूंच्या नागमोडी वळणांत हवा अडकून राहते व ती शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. रिमझिम पावसात कांबळे पांघरलेला गुराखी गारठत नसे, त्याचे कारण हे होते. अर्थात मुसळधार पावसात ते पुरते भिजले की वजनाने जड होई आणि वाळता वाळत नसे. आपल्या भाषेतील ‘भिजत घोंगडे’ या शब्दप्रयोगाचा उगम अशा अनुभवात असावा. कार्यालयांत काम करणाऱ्या वाचकांना त्याचा अर्थ समजावून देण्याची आवश्यकता नाही.

मेंढी केरीत का नाही?

लोकरीसाठी पाळली जाणारी मेंढी सह्याद्रीच्या पश्चिमेस फारशी आढळत नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा सततच्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात, पोटात कृमी वाढतात आणि अंगावरील लोकर कायम ओली राहिल्याने ती आजारी पडते. गोव्यातील गवळी-धनगर समाज म्हशी व शेळ्या राखत आला, त्यामागे हे एक कारण आहे. दख्खनी मेंढीचा खरा प्रदेश घाटमाथ्याच्या पलीकडील पर्जन्यछायेचा, म्हणजे साताऱ्यातील माण-खटाव, सोलापूर, सांगली, कोल्हापूरचा पूर्वभाग आणि बेळगाव-बागलकोटचा कोरडा पट्टा हा होय. त्यातील काही धनगर दसरा-दिवाळी उलटल्यावर कळपांसह कोकणात उतरतात, कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसवितात व पाऊस सुरू होण्यापूर्वी परत वर जातात. मेंढरांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळते आणि धनगराला धान्य वा पैसे मिळतात. उत्तर कोकणात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

केरीकरांना ही लोकर परकी असली तरी दूरची नाही. सत्तरीतील केरीहून चोर्ला घाट चढला की रस्ता बेळगावास जातो. पेडण्याच्या केरीहून सावंतवाडी व आंबोलीमार्गे आजरा, गडहिंग्लज व पुढे कोल्हापूर गाठता येते. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली हे गाव विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसे घोंगड्यांसाठीही ओळखले जाते.

दख्खनी मेंढी लोकर थोडी देते. वर्षातून साधारणतः दोनदा कातरणी होते व एका मेंढीपासून वर्षभरात अर्ध्या किलोच्या आसपास लोकर निघते. ती आखूड, जाड व केसाळ असते. मेरिनो जातीच्या लोकरीचा तंतू सुमारे वीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग इतका बारीक असतो. दख्खनी तंतू त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जाड भरतो. त्यामुळे या लोकरीचे स्वेटर अंगाला टोचतात. गिरण्यांना ती नको असते. पूर्वी मात्र तिला हक्काचे गिऱ्हाईक होते. धनगराच्या घरातील स्त्रिया, विशेषतः वयस्कर स्त्रिया, सूत काढीत आणि सणगर व खुटेकर धनगर समाजातील विणकर मागावर घोंगडी विणीत. ताण्याला चिंचोक्याची खळ देत, म्हणजे सूत ताठ होई व वीण घट्ट बसे. कोकरांच्या पहिल्या कातरणीतील मऊ लोकरीला जावळ म्हणतात. जावळाची घोंगडी विशेष मोलाची समजली जाई.

गिरणीत तयार झालेली स्वस्त ब्लँकेटे व कृत्रिम धाग्यांची पांघरुणे बाजारात आली तशी ही साखळी तुटत गेली. मेंढी आता मुख्यत्वे मांसासाठी पाळली जाते. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात उदयास आलेली, आकाराने मोठी पण लोकर जेमतेम असलेली माडग्याळ मेंढी अनेक मेंढपाळांनी स्वीकारली, ती याच कारणाने. ज्यांच्याकडे दख्खनी मेंढ्या आहेत त्यांना जनावराच्या आरोग्यासाठी कातरणी करावीच लागते. परंतु अनेक ठिकाणी लोकरीला येणाऱ्या किमतीतून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, आणि मग कातरलेली लोकर रानातच टाकून दिली जाते. लोकर टाकून दिली जाते म्हणून सूत काढणारे हात उरत नाहीत, आणि ते हात नाहीत म्हणून लोकरीला मागणी येत नाही. हे दुष्टचक्र छंदाने फिरणार नाही. तथापि हाताने सूत काढण्याची माहिती ज्यांच्या बोटांत आहे अशा स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत, आणि ही माहिती पुस्तकातून पुरतेपणी घेता येत नाही. ती पाहून व करूनच घ्यावी लागते.

रोज थोडे

सूतकताई हे आठवड्यातून एकदा चार तास बसून करण्याचे काम नव्हे. बोटांना तंतूचा अंदाज येतो तो रोजच्या सरावाने. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ कळपामागे चालताना टकळी फिरवितात. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातील स्त्रियाही वाटचालीत सूत काढतात. त्यांच्या दृष्टीने तो स्वतंत्र उद्योगच नसतो. रिकामे राहणारे हात कामी लागतात, एवढेच.

केरीच्या घाटापलीकडे बेळगाव येथे डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. सभासदाने दरमहा हातकताईचे दोन हजार वार सूत द्यावे, अशी अट तेथे मान्य झाली. दिवसाला हिशेब सुमारे सदुसष्ट वारांचा पडतो. पुढे सप्टेंबर १९२५ मध्ये पाटणा येथे ही अट ऐच्छिक झाली व अखिल भारत चरखा संघाची स्थापना करण्यात आली. ते सूत कापसाचे होते आणि हेतू राजकीय होता. परंतु सामान्य माणसाला आपल्या दिवसातून थोडा वेळ टकळीसाठी काढता येतो, हा हिशेब त्यात गृहीत धरलेला होता व तो आजही लागू पडतो.

किनाऱ्यावरील गावांना तर सूत काढणे मुळीच अपरिचित नाही. नायलॉन येण्यापूर्वी मासेमारीची जाळी तागाच्या वा कापसाच्या सुताची असत, आणि सूत काढणे, त्याला पीळ भरणे, जाळे विणणे ही कामे मच्छीमारांच्या घरीच चालत. नायलॉनने सूत काढण्याचे काम संपविले. जाळे दुरुस्त करणारे हात मात्र अजून आहेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि त्या दिवसांत घरच्या ओसरीवर टकळीला भरपूर वेळ मिळू शकतो.

लोकर ते सूत

सुरुवात लोकर निवडण्यापासून होते. खांदे, पाठ व कुशी यांवरील लोकर लांब व स्वच्छ असते. पोटावरची व पायांवरची आखूड, मळकट व गुंतलेली असते. नवशिक्याने पाठीवरचीच घ्यावी. जिवंत व निरोगी मेंढीची कातरलेली लोकरच वापरावी. आजाराने मेलेल्या जनावराची लोकर कधीही घेऊ नये, कारण काळपुळीसारखा गंभीर रोग अशा लोकरीतून माणसाला होऊ शकतो. कच्ची लोकर झटकावयाची ती घराबाहेर, नाकातोंडाला फडके बांधून. नंतर हात साबणाने धुवावेत.

धुण्यात जितकी घाई कराल तितकी लोकर बिघडते. पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात रिठ्याचे पाणी मिसळावे, लोकर अलगद बुडवावी व अर्धा तास तशीच राहू द्यावी. मग उचलून, हलके दाबून, तितक्याच कोमट स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा बुडवून काढावी. चोळू नये, पिळू नये, गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नये. लोकरीच्या तंतूवर माशासारखे अतिसूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओलावा व घर्षण एकत्र आले की हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा गोळा होतो. तो पुन्हा सुटत नाही. याच गुणाचा हेतुपुरस्सर उपयोग करून बुरणूस तयार करीत. तो विणलेला नसतो, लोकर दाबून व मळून बनविलेला असतो. सूत काढणाऱ्याला मात्र हा गुण धुतेवेळी शत्रूसमान वाटतो. धुतलेली लोकर चटईवर पसरून सावलीत वाळवावी. केरीच्या दमट पावसाळी हवेत ती दिवसेंदिवस वाळत नाही व तिला कुबट वास येतो. म्हणून वर्षभर पुरेल इतकी लोकर नोव्हेंबर ते मे या काळात धुऊन ठेवणे श्रेयस्कर.

नंतर कुसळे, सराटे व काड्या वेचावयाच्या. माणदेशातील रानात चरलेल्या मेंढीच्या अंगावर यांची वाण नसते. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण घरातील मुले व वृद्ध गप्पा मारीत ते सहज करू शकतात. वेचलेली लोकर बोटांनी उलगडून मोकळी करावी व तारेच्या दातांच्या दोन हातफण्यांमध्ये विंचरून तिचे सैल, बोटाएवढे जाड पेळू करावेत. व्यावसायिक मंडळी यासाठी पिंजणाची कमान वापरीत. घरच्या कामाला हातफण्या पुरतात. लोकर फार कोरडी वाटली तर तळहाताला खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून मग पेळू करावेत, म्हणजे तंतू एकमेकांवरून नीट सरकतात. केरीत तेल शोधण्यास लांब जावयास नको.

टकळी घरी करता येते. वीतभराहून थोडी लांब, गुळगुळीत केलेली बांबूची काडी घ्यावी. तिच्या खालच्या टोकाजवळ दोन-अडीच इंच व्यासाची लाकडी चकती घट्ट बसवावी आणि वरच्या टोकाला दोरा अडकविण्यासाठी खाच पाडावी. करवंटीचा गोल तुकडाही चकतीचे काम करतो, मात्र भोक बरोबर मध्यभागी पडले पाहिजे. अन्यथा टकळी लटपटते. कापसासाठी शाळांतून वापरीत ती तारेची बारीक टकळी येथे चालत नाही. जाड लोकरीला पीळ देण्यासाठी ती फार हलकी पडते.

काडीला आधी हातभर तयार दोरा बांधावा, तो वरच्या खाचेत अडकवावा व त्याच्या टोकाशी पेळूतील तंतू जुळवावेत. उजव्या हाताने टकळी फिरवून सोडावी. डाव्या हाताच्या चिमटीत पेळू असतो. पीळ दोऱ्यातून वर चढू लागतो, तसे चिमटीने तंतू थोडे थोडे खाली ओढून द्यावयाचे. सुरुवातीस दोन्ही गोष्टी एकदम जमत नाहीत. टकळी मांडीवर टेकवून आधी फिरवावी, पीळ अडवून धरावा, मग तंतू ओढावेत व पीळ सोडावा. असे आठ दिवस केले की लय सापडते.

येथे एक बाब ध्यानी घ्यावयास हवी. पीळ नेहमी दोऱ्याच्या बारीक भागाकडे धावतो. जाड राहिलेल्या गाठीत तो कमी शिरतो. म्हणून जाड भाग दोन्ही हातांनी अलगद ताणला तर त्यातील तंतू अजून सरकतात व तो बारीक होतो. बारीक होताच पीळ आपोआप तेथे येऊन त्याला पक्के करतो. सुताची समानता बव्हंशी या नियमामुळे साधते. ज्या कातणाऱ्याला तो बोटांनी कळला, त्याला डोळ्यांनी सुताकडे पाहावेही लागत नाही. पीळ पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी नुकतेच काढलेले सूत ढिले सोडावे. ते स्वतःभोवती सहज गुंडाळले गेले तर पीळ योग्य समजावा. आटे पडून गाठी होऊ लागल्या तर जास्त झाला, आणि नुसतेच लोंबत राहिले तर कमी पडला.

एकपदरी सूत घोंगड्याच्या मागावर चालते. घरगुती विणकामासाठी मात्र दोन पदर एकत्र करून, टकळी उलट दिशेने फिरवून दुपदरी करावे. दोन्ही पदरांचा मूळ पीळ काहीसा सुटतो, ते एकमेकांना धरून बसतात, आणि सूत गोल व टिकाऊ होते. मग फाळक्यावर लडी करून ती कोमट पाण्यात भिजवावी व खाली हलके वजन टांगून वाळवावी, म्हणजे पीळ स्थिर होतो.

हिशेब व उपयोग

हा हिशेब प्रत्येकाने आरंभीच मांडून ठेवलेला बरा. जाड सूत एका ग्रॅमला दोन मीटर या प्रमाणात धरले आणि सराव झालेल्या हाताने अर्ध्या तासात पंचवीस मीटर काढले, तर रोज साडेबारा ग्रॅम सूत होते. तीस दिवसांत पावणेचारशे ग्रॅम. म्हणजे एका दख्खनी मेंढीची वर्षभराची लोकर साधारण सव्वा महिन्यात संपते. दोन-अडीच किलोचे घोंगडे विणावयाचे तर एकट्याला सुमारे सव्वापाच ते पावणेसात महिने सूत काढावे लागेल. धुणे, वेचणे, पिंजणे यांचा वेळ याहून वेगळा. या श्रमांची मजुरी बाजारभावाने निघणार नाही. सूतकताईला जोडधंदा म्हणून पुढे करणाऱ्यांनी ग्रामस्थांना ही गोष्ट स्पष्टपणे सांगावी. टकळीच्या नावाने कर्ज काढणे शहाणपणाचे ठरणार नाही.

या सुताचे काय करावे, याचा निर्णय लोकरीच्या स्वभावावर सोडणे उत्तम. ते टोपीला वा लहान मुलाच्या अंगरख्याला योग्य नाही. बसावयाचे आसन, दारातील पायपुसणे, पिशवी, पाटावरचे आच्छादन यांना ते उत्कृष्ट आहे. जाडेभरडेपणाचा दोष येथे गुण ठरतो व वस्तू वर्षानुवर्षे टिकते. दख्खनी लोकर काळी, करडी व पांढरी अशा नैसर्गिक रंगांत मिळते. दोन रंगांच्या पट्ट्यांनी आसन शोभिवंत होते. पांढरी लोकर तुरटीच्या पाण्यात उकळी न येऊ देता तापवून, मग फणसाच्या लाकडाच्या भुशाच्या काढ्यात ठेवली तर तिला पिवळा रंग चढतो. भुसा सुतारशाळेत फुकट मिळतो. मात्र येथेही पाणी सावकाश तापवावे, सावकाश निवू द्यावे. बुरणुसाची गोष्ट विसरू नये.

शाळांतून टकळी नवी नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणात सूतकताईला स्थान मिळाले व अनेक प्राथमिक शाळांत तिचा तास असे. त्या तासाची आठवण सर्वांनाच गोड वाटते असे नाही. सुताचे वजन करून गुण देण्याची पद्धत मुलांना नकोशी होई. आज एखाद्या शिक्षकाला कार्यानुभवाच्या तासाला लोकरीची टकळी आणावयाची असेल, तर वजनकाटा बाजूला ठेवून आणावी. पीळ बारीक भागाकडे का धावतो, लोकर गरम पाण्यात का आटते, घाटावर मेंढी आहे पण घाटाखाली का नाही, हे तीन प्रश्न विज्ञान आणि भूगोल या दोन्ही विषयांना पुरून उरतील. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून २०२२ साली जाहीर केले. त्या निमित्ताने कळप घेऊन फिरणाऱ्या समाजांविषयीची माहितीही वर्गात देता येण्याजोगी आहे.

लोकर मिळविण्यासाठी कातरणीच्या हंगामात घाटावरील मेंढपाळांकडे थेट चौकशी करणे सोयीचे पडते. चार-पाच घरांनी मिळून एकदाच एक गोणी आणली तर प्रवासखर्च विभागला जातो. महाराष्ट्रात मेंढी व शेळी विकासासाठी १९७८ साली स्थापन झालेल्या महामंडळाचे मुख्यालय पुण्यास आहे. ठरविताना मेंढपाळाला लोकरीचे पैसे अवश्य द्यावेत. तो टाकून देत असला तरी कातरणीची मजुरी त्याने भरलेली असते.

राहिला प्रश्न साठवणीचा. लोकरीला कसर लागते. कसरीचा पतंग निरुपद्रवी असतो; त्याची अळी तंतू खाते, आणि तिला मळ, घाम व काळोख प्रिय असतो. म्हणून लोकर व सूत दोन्ही स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात, डबे उघडून सर्व काही अंगणात पसरावे व झटकून पुन्हा भरावे. पाला दरवर्षी बदलावा.